पांदणीतली जाड टायरची गाडी

23 सप्टेंबर 1803. भर दुपारी जनरल आर्थर वेलस्ली केळणा नदीच्या काठाने घोडा हाकत उतार शोधत होता. पलीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज होती, शंभराच्या आसपास तोफा होत्या, आणि समोरून नदी ओलांडायची तर त्या तोफांच्या तोंडीच जावं लागणार होतं. खाली कुठंही उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. वेलस्लीला दुर्बिणीतून दोन गावं दिसली, एक या काठाला आणि एक त्या काठाला, जवळजवळ समोरासमोर. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी आली आहेत. दोन गावं नदीच्या दोन्ही अंगांना इतकी जवळ वसलेली असताना त्यांच्यात गाड्या-माणसांची ये-जा नसेल, हे त्याला पटेना. माणूस पाठवून पाहिलं तर उतार होता. फौज तिथून पार झाली आणि संध्याकाळपर्यंत असईची लढाई निकालात निघाली.

लढाईचं राजकारण इतिहासाच्या पुस्तकांकडे सोपवू. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. आजच्या जालना जिल्ह्यातल्या या मुलखात नकाशा आणि वाटाडे दोन्ही हुकले तरी वाट होतीच, कारण तिची लोकांना गरज होती. दोन दिवस आधी बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी फौजा दोन वाटांनी न्यायचं ठरवलं, तेही वाटेमुळेच. मधल्या डोंगराळ भागातल्या एकाच अरुंद खिंडीतून सगळी फौज नेली असती तर ती अडकून पडली असती. त्या फौजेचं खरं वाहन घोडा नव्हतं, बैल होतं. तोफा, दाणागोटा, दारूगोळा, सगळं बैलांवर. असईत मराठ्यांच्या तोफांनी हे बैलच टिपले, आणि वेलस्लीला आपल्या तोफा मागे सोडून पायदळ पुढे न्यावं लागलं. कुठल्याही जमिनीवर चालणारं त्या काळचं वाहन ते एवढंच.

आता कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर एटीव्ही येते. चार जाड, फुगीर टायर, मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यासारखी पाय दोन्हीकडे टाकून बसायची सीट. महाराष्ट्रात ही बहुतेकांनी पाहिली ती कोकणातल्या किनाऱ्यावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी, दहा-पंधरा मिनिटांच्या भाड्याच्या फेरीत. इंजिनिअरिंगच्या मुलांना ती वेगळ्या वाटेने ठाऊक असते. 2007 पासून भरणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्र रात्र जागून ती पाइप वाकवतात आणि एका माणसाची गाडी उभी करतात. सैन्य तिचा उपयोग लडाखमध्ये करतं, सीमा सुरक्षा दल कच्छच्या रणात. जालन्याच्या रस्त्यावर मात्र ती दिसणं कठीण. असं का, याचं उत्तर पैशात कमी आणि मातीत, कायद्यात नि पांदणीत, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेत, जास्त आहे.

गाडीची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याकडची नाही. अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकली विकल्या जात नाहीत, तेव्हा बर्फातही खपेल असं काही द्या, ही तिथल्या विक्रेत्यांची मागणी. त्यातून होंडाने 1970 मध्ये तीन चाकांची गाडी काढली. तिच्या टायरांत हवा इतकी कमी होती की चाक जमिनीत घुसण्याऐवजी तिच्यावर पसरायचं. तीन चाकं वळणावर उलटायची. माणसं आणि विशेषतः मुलं इतकी जखमी झाली की 1988 मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांनी तीनचाकी विकणं थांबवलं. तोवर सुझुकीची चारचाकी आलेली होती, आणि पुढचा सगळा बाजार चार चाकांचा झाला. मग प्रश्न आला, या गाड्या फिरवायच्या कुठं? अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी 1972 मध्येच सरकारी जमिनींवर अशा वाहनांना कुठं मुभा आणि कुठं बंदी, ते ठरवण्याचा हुकूम काढला होता. 2005 मध्ये तिथल्या वनखात्याने आणखी कडक नियम केला: नकाशावर जी वाट मोटारवाहनांसाठी दाखवलेली आहे, तीच खुली, बाकी सगळं बंद. वेस्ट व्हर्जिनियात खाणींच्या डोंगरांवर हॅटफील्ड-मॅकॉय नावाचं वाटांचं जाळंच उभं राहिलं. तिथं तिकीट काढून लोक गाड्या फिरवायला येतात.

म्हणजे तिकडे आधी गाडी आली, मग तिच्यासाठी सार्वजनिक वाटा आखल्या गेल्या. जालन्यात वाटा आधीपासून आहेत, मोजलेल्या आहेत, आणि त्या कुणाच्या हौसेसाठी आखलेल्या नाहीत.

गावचा नकाशा हातात घ्या. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो, महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी घरबसल्या दिसतात. त्यावर तुटक दोन समांतर रेषांनी दाखवलेली असते ती गाडीवाट. तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे मोजणीची साखळी आहे. जुनी साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. 33 गुणिले 33 फूट म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. अर्धी साखळी, म्हणजे आठ आणे, साडेसोळा फूट. पाव साखळी, चार आणे, सव्वाआठ फूट. गाडीवाटेला किमान अर्धी साखळी, पायवाटेला पाव साखळी. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला शेतात न उतरता दुसरीला जाऊ देता येईल, एवढी ती अर्धी साखळी पुरते.

कागदावर. प्रत्यक्षात साडेसोळा फुटांची गाडीवाट आठ-नऊ फुटांवर आलेली सर्रास दिसते. दोन्हीकडचे शेतकरी दरवर्षी नांगराचं एक तास वाटेत घालतात. कुणी मुद्दाम, कुणी ‘त्याने घातलं म्हणून’. वर्षाला एक वीत गेली तर कुणाला काही जाणवत नाही, दहा-बारा वर्षांनी ट्रॅक्टर जाईना की जाणवतं. मग भांडण, मग तहसील. मराठवाड्यातल्या तहसील कार्यालयांत रस्त्यांचे दावे किती जुने असतात, हे तिथल्या बाकांवर तासभर बसलं की कळतं. मोसंबीचा बाग असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण व्यापाऱ्याची गाडी बांधापर्यंत आली नाही तर माल डोक्यावर किंवा बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणायचा, आणि त्याची मजुरी भावातून कापली जाते. त्यामुळे पांदण हा जालन्यात रानवाटेचा, हौसेचा विषय नाही. तो भावाचा विषय आहे.

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे, अंमल तेवढा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा शासनाच्या मालकीच्या. कलम 143 खाली दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा हक्क तहसीलदार ठरवून देतो. पूर्वीपासून चालू असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा, 1906 च्या कलम 5 खाली ती मोकळी करून मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. हे सहा महिने अनेकांचे ‘बघू, समजावून सांगू’ यात निघून जातात. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीची मजुरी आणि इतर निधी एकत्र करून पांदणी बारमाही करायच्या अशी. 2025 मध्ये महसूल खात्याने पुढचं पाऊल टाकलं: शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. जमीन विकली, वाटणी झाली, मालक बदलला, तरी सातबाऱ्यावरची नोंद मागे राहते. तोंडी कबुली मागे राहत नाही.

आता माती. जालन्यात वनक्षेत्र फारच कमी. भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगांची टोकं येतात, तिथला भाग बरड आणि मुरमाड. दक्षिणेला दुधना आणि गोदावरीच्या अंगाने काळी माती, कुठं हातभर तर कुठं पुरुषभर खोल. ही माती बेसाल्ट झिजून झाली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे पोथीच्या सुट्या पानांसारखे एकावर एक रचलेले. पानांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते आणि भेगा पडतात. हे पापुद्रे इतके पातळ की शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधली सगळी पानं सुटी करून अंथरली, तर सात-आठशे चौरस मीटर जागा लागेल. म्हणजे सात-आठ गुंठे. एका चिमटीत. एवढ्या पृष्ठभागाला पाणी धरून बसलेलं असतं, म्हणून काळी माती पाऊस थांबल्यावरही दिवस दिवस ओली राहते आणि वापसा येईपर्यंत शेतकरी तिच्यात औत घालत नाही.

त्यात पांदणीची स्वतःची एक अडचण आहे. पिढ्यान् पिढ्या चाकांनी घासून ती दोन्हीकडच्या रानांपेक्षा खाली गेलेली असते. दोन्ही बाजूंचं पाणी तिच्यात उतरतं. पावसाळ्यात पांदण म्हणजे ओढाच, आणि ज्या महिन्यांत शेतात जाण्याची सर्वांत जास्त गरज, खुरपणी, फवारणी, खतं, त्याच महिन्यांत ती बंद. जालन्याला वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. फार नाही. पण एखादा चांगला पाऊस काळ्या पांदणीला आठवडाभर पुरतो.

इथं जाड टायरची गाडी काय करते? टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. मोटारीच्या टायरमध्ये तीस पौंडांच्या आसपास हवा, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये बारा-सोळा, आणि एटीव्हीच्या टायरमध्ये पाच ते सात. वजन कमी, टायर रुंद, हवा कमी, त्यामुळे ती वाळूवर, गवतावर, ओलसर मुरमावर तरंगल्यासारखी जाते. गोदाकाठच्या वाळूत माणसाच्या टाचेपेक्षाही तिचं चाक कमी रुतेल. काळ्या मातीत मात्र प्रश्न नुसता रुतण्याचा नाही, चिकटण्याचा आहे. टायरच्या खोल खाचा पहिल्या पन्नास पावलांत चिखलाने भरतात. मग खाचा उरत नाहीत, चाकाचा गुळगुळीत गोळा होतो आणि मडगार्डला घासू लागतो. चारही चाकांना ताकद असली तरी चारही गोळेच फिरतात. हौशी चालक अशा वेळी गाडी रेस करतो. थोडी रेस चाकावरचा चिखल झटकून टाकते हे खरं, पण जास्त रेसने चाक खालची माती उपसत जातं आणि गाडी पोटावर बसते. गावातल्या माणसाचा उपाय वेगळा. तो आधी इंजिन बंद करतो, बांधावरच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या उपटून आणतो, चाकासमोर आडव्या घालतो, आणि मग हळूच काढतो. त्याहून जुना उपाय म्हणजे न जाणं. ‘भाऊ, गाडी इथंच लावा, पुढं फसंल,’ हे वाक्य पावसाळ्यात प्रत्येक पाहुण्याला ऐकू येतं, आणि ते ऐकलेलं बरं.

कोरड्या दिवसांत दुसरी गंमत. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी दिवाळीनंतर वाळून विटेसारखी होते. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांतलं अंतर सव्वा-दीड मीटर, आणि चाकोऱ्याही तेवढ्याच अंतरावर. एटीव्हीची सगळी रुंदीच सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे चाकांच्या मध्यांतलं अंतर मीटरभर. दोन्ही चाकं दोन्ही चाकोऱ्यांत बसतच नाहीत. एक चाक चाकोरीत, दुसरं मधल्या उंचवट्यावर, गाडी कायम एका अंगाला कललेली. त्यात अनेक कामाच्या एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच सरळ आसावर पक्की असतात, ती वेगवेगळ्या वेगाने फिरत नाहीत. वळताना आतलं चाक घसरायला हवं. मऊ जमिनीवर ते घसरतं, वाळलेल्या चाकोरीच्या काठावर अडतं. चालकाने अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकलं नाही तर गाडी त्याला बाहेर फेकते. ही गाडी बसून चालवायची नाही, अंगाने चालवायची आहे, असं शिकवणारे सांगतात ते यासाठी. मागे दुसऱ्याला बसवलं की हे अंग टाकणं संपलं, म्हणून एका माणसाच्या एटीव्हीवर दुसरा बसवणं हा तिच्या अपघातांतला नेहमीचा धागा. मोठ्या माणसाच्या मापाची एटीव्ही सोळा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असा अमेरिकेतला संकेत आहे.

जालन्यात हाच धोका ट्रॅक्टरच्या रूपाने रोजचा आहे, म्हणून त्याबद्दल दोन ओळी जास्त लिहितो. ट्रॅक्टर फसला की साखळी बांधून दुसऱ्याने ओढायचा. ही साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या हुकाला न बांधता वर, टॉपलिंकच्या जागी बांधली, किंवा फसलेल्या ट्रॅक्टरची चाकं अडकलेली असताना जोराने क्लच सोडला, तर इंजिनची ताकद चाक फिरवू शकत नाही. ती ट्रॅक्टरच फिरवते. आसाभोवती पुढचा भाग उचलला जातो आणि एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे उलटतो. तेवढ्या वेळात उडी मारता येत नाही. साखळी नेहमी खालच्या हुकाला, फसलेली गाडी शक्यतो आली त्याच चाकोरीतून मागे काढायची, आणि ओढताना साखळीच्या रेषेत माणूस उभा राहू द्यायचा नाही. एटीव्हीलाही हाच नियम लागू, फक्त सगळं लवकर घडतं.

टायरचा आणखी एक शत्रू म्हणजे बाभूळ. वाट अडवायची तर आपल्याकडे भिंत बांधत नाहीत, बोरी-बाभळीच्या काट्या टाकतात. वेडी बाभूळ तर पांदणीच्या दोन्ही कडांना आपोआपच माजते. पाच पौंड हवेच्या मऊ टायरला हा काटा ट्रॅक्टरच्या जाड टायरपेक्षा लवकर लागतो. पंक्चरची पट्टी आणि पंप सोबत नसेल तर हायवेपर्यंत गाडी ढकलायची, आणि ती मोटारसायकलच्या दुप्पट-तिप्पट जड.

नोंदणीचा मुद्दा लोक शेवटी विचारतात, विचारायला हवा आधी. ‘आपण रोडवर नेणारच नाही, रानातच चालवणार,’ हा नेहमीचा युक्तिवाद. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट, मग ती रहदारीची असो वा नसो, त्यात येते. नकाशावरची पांदण, शिवरस्ता यांच्यावर तर लोकांचा हक्क शासनानेच मान्य केलेला. म्हणजे तिथं गाडी नोंदलेली हवी, तिचा विमा हवा, चालकाकडे परवाना हवा. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही मात्र नोंदणीच्या चाचण्यांतून गेलेल्याच नसतात. त्या बंदिस्त खासगी जागेसाठी विकल्या जातात. 2019 मध्ये पोलारिस कंपनीने आपली स्पोर्ट्समन 570 ही एटीव्ही रस्त्यावर चालेल अशी आणली, किंमत आठ लाखांच्या घरात. तिची नोंदणी कशी झाली? शेतीचा ट्रॅक्टर म्हणून! हे वाचून मला हसू आलं होतं, पण त्यात मोठं शहाणपण आहे. या देशात रस्ता सोडून चालणाऱ्या गाडीला कायद्यात जागा हवी असेल तर ती ट्रॅक्टरच्या रांगेतच मिळते. फक्त तेवढ्याच पैशात चाळीसेक हॉर्सपॉवरचा खरा ट्रॅक्टर येतो. तो नांगरतो, पेरतो, ट्रॉली ओढतो, लग्नाची वरातही नेतो. जालन्यातला शेतकरी कोणता घेईल हे सांगायला नको. मोसंबीच्या ओळींत शिरण्यासाठी लहान गाडी हवी तर मिनी ट्रॅक्टर आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचतगटांना त्यावर सामाजिक न्याय विभागाचं 90 टक्के अनुदान मिळतं.

अल्पवयीन मुलाच्या हाती स्टेअरिंग देणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याची 2019 ची दुरुस्ती वाचावी. कलम 199-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 25 हजार दंड. रानातल्या वाटेवर पोलीस येत नाही हे खरं. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस मात्र नक्की येतो, आणि पहिला प्रश्न परवान्याचा असतो.

कोणत्या वाटेवर कोणती गाडी जावी, हा वाद इंग्लंडमध्ये वेगळ्या टोकाने सुटला. तिथं जुन्या गाडीवाटांवर मोटारसायकली आणि जीप फिरवणारे म्हणत, पूर्वी इथून घोडागाड्या जायच्या, म्हणजे वाहनांचा हक्क सिद्ध आहे. 2006 च्या कायद्याने बहुतेक नोंद नसलेल्या वाटांवरचा मोटारींचा असा हक्क संपवून टाकला. घोडागाडी गेली म्हणून मोटार जाईल असं नाही. आपल्याकडे बैलगाडीच्या वाटेने ट्रॅक्टर गेला त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण दोन्ही एकाच कामाला निघालेले. हौसेच्या गाडीला तशी सवलत गाव देईलच असं नाही, आणि देऊ नये असं माझंही मत आहे, निदान पावसाळ्यात. शहरातली हौशी मंडळी चिखल हवा म्हणून नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये निघतात. त्यांनी एका दुपारी पाडलेली हातभर खोल चाकोरी दिवाळीला वाळते आणि पुढच्या जूनपर्यंत तशीच राहते. कापूस भरलेली बैलगाडी त्यात आदळते, आस मोडतो, बैलाचा पाय मुरगळतो. भोकरदनकडच्या उतारांवर तर ही चाकोरीच पुढच्या पावसात पाण्याची वाट होते आणि दोन-तीन वर्षांत ओघळ पडते.

रानातल्या शर्यतीची हौस जालन्याला नवी नाही, हेही सांगायला हवं. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, मराठवाड्यात पिढ्यान् पिढ्या भरत आलेले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 2021 च्या अखेरीस त्याच न्यायालयाने पट अटींवर पुन्हा भरू दिले, आणि 18 मे 2023 च्या निकालाने राज्याचा कायदा वैध ठरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जागा ठरलेली असते, बैलांची तपासणी होते. पीक निघालेलं मोकळं रान, आधी सांगून, मालकाच्या संमतीने. जाड टायरच्या गाड्यांसाठी कुणाला जालन्यात काही करायचं असेल तर नमुना अमेरिकेत शोधायला नको.

आणि समृद्धी महामार्गाने पांदणीचा प्रश्न सुटतो का? तो जिल्ह्यातून आरपार जातो, त्यावर ट्रॅक्टर, दुचाकी, रिक्षा, सगळ्यांना मज्जाव. शेतरस्ते त्याच्या खालून बोगद्यातून काढलेले. वर ताशी 120 किलोमीटरची मर्यादा, खाली बैलांची चाल.

खरी स्पर्धा एटीव्हीची आणि ट्रॅक्टरची नाहीच, तिची आणि मुरमाची आहे. पांदण खोदून, बाजूला नाल्या काढून, वर सहा-आठ इंच मुरूम दाबला की तीच वाट बारा महिने चालते. साध्या शंभर सीसीच्या मोटारसायकलवर माणूस खताचं पोतं घेऊन बांधापर्यंत जातो, आणि आठ लाखांच्या गाडीला तिथं करण्यासारखं काही उरत नाही. नाल्या मात्र काढायलाच हव्यात. नुसता मुरूम ओतला तर दोन पावसाळ्यांत काळी माती खालून वर येते आणि मुरूम पोटात घेते. अशा पांदणी जिल्ह्यात हव्या तेवढ्या पाहायला मिळतील. ज्या गावांत कामाआधी पाण्याची वाट काढली, तिथला मुरूम टिकला आहे. हौसेच्या गाडीसाठी मग गोदावरीचं कोरडं पात्र आणि गायरानं राहतात. गायरानावर जायचं तर आधी ग्रामपंचायतीला विचारावं. ती गुरांची जागा आहे, आणि उन्हाळ्यात तिथं उरलेलं वाळकं गवत ही कुणाच्या तरी म्हशीची वैरण असते.